वर्गणी, देणगी आणि हिशेब

चार माणसे एकत्र येऊन एखादे लोकोपयोगी कार्य आरंभावयाचे ठरवितात, तेव्हा पहिल्या बैठकीत उत्साहाला तोटा नसतो. अध्यक्ष ठरतात, कार्यवाह ठरतात, उद्देशांचा मसुदा तयार होतो. मग कोणीतरी विचारतो, "पैशांचे काय?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अनेक चांगल्या संस्था याच प्रश्नापाशी अडून राहिल्या आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी समाजाला तर हा प्रश्न नित्याचाच आहे. आपल्या शाळा, वाचनालये, वसतिगृहे आणि गणेशोत्सव मंडळे ही बहुतांशी लोकांच्या वर्गणीवर उभी राहिली, आणि वर्गणी आटली की ती निमूटपणे बंद पडतात. म्हणून निधी कसा जमवावा याचा विचार विद्यार्थ्यांनीही करावा असे आम्हांस वाटते. हा विचार करताना हवेतल्या गोष्टी सांगण्यापेक्षा ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले त्यांच्याकडे पाहणे बरे.

मागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. स्वतःसाठी मागणे आणि कार्यासाठी मागणे यांत भेद आहे, हे सर्वांना तोंडाने मान्य असते; परंतु दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ आली की पाय जड होतात. हा संकोच घालविण्याचा एकच मार्ग आमच्या पाहण्यात आहे. तो म्हणजे मागणाऱ्याने प्रथम आपल्या पदरचे देणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी लोकांपुढे हात पसरला तो स्वतःच्या शिलकीतील पैसा त्या कामात घातल्यानंतर. पुढे १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजातील काम संपले की कर्वे ही वाट रोज पायी तुडवीत असत. असा मनुष्य दारी आला तर त्याला 'तुम्ही स्वतः काय देता?' असे कोण विचारणार?

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घरची कथा याहून कठीण आहे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटाची सोय करताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकले, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. ही हकीकत शाळाशाळांतून सांगितली जाते, ती ऐकून डोळे पाणावतात, आणि तेथेच आपण थांबतो. आम्हांस तिच्यात व्यवहाराचीही एक गोष्ट दिसते. ज्या घराने इतके दिले त्या घराचा माणूस दारात आला की शेतकऱ्याला नाही म्हणणे जड जात असे. अर्थात सर्व कार्यकर्त्यांनी घर विकावे असे आमचे म्हणणे नाही. कुटुंबाची अशी होरपळ व्हावी हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही. परंतु समितीच्या प्रत्येक सभासदाचे नाव, रक्कम कितीही लहान असो, यादीत सर्वांच्या आधी असलेच पाहिजे.

आता रकमेचा विचार करू. थोडे थोडे अनेकांकडून घ्यावे की एका धनिकाकडून भरघोस घ्यावे, हा जुना वाद आहे. पहिल्या पक्षाचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने अशी कल्पना मांडली की, देशातील प्रत्येक माणसाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेचा पुरस्कार केला. काळे गावोगाव हिंडले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. तेथे तयार झालेले कारागीर पुढे इतर काच कारखान्यांतून कामास लागले.

परंतु विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. एक लाख माणसांनी प्रत्येकी एक पैसा दिला तर जमतात १५६२ रुपये ८ आणे. लाख माणसांपर्यंत पोहोचण्याचे श्रम केवढे, आणि हाती येणारी रक्कम केवढी! शिवाय त्या काळी पोस्टकार्डाची किंमतही एक पैसाच होती. म्हणजे देणाऱ्याला पोचपावतीचे कार्ड धाडावयाचे म्हटले, तर त्याची सारी देणगी पोस्टातच खर्च व्हावयाची. यावरून लहान वर्गणीचा नियम ध्यानी येतो. ती गोळा करण्यास खर्च येता कामा नये. जेथे माणसे आधीच जमलेली असतात, अशा जत्रा, उत्सव आणि व्याख्याने हीच तिची ठिकाणे. आणि गोळा करणारे हात बिनपगारी असले पाहिजेत.

मग पैसा फंड ही खुळी कल्पना होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. पैसा देणारा माणूस त्या दिवसापासून 'हा कारखाना आपला आहे' असे म्हणू लागला, आणि हे समाधान एका धनिकाच्या लाखाने विकत घेता आले नसते. लहान वर्गणी पैसा थोडा आणते, पण माणसे पुष्कळ आणते. संस्थेला दोन्हींची गरज असते हे जो जाणतो तो पैशाला हसत नाही.

याच जातीची, पण अधिक चतुर अशी योजना म्हणजे मुष्टिफंड. १९१० सालच्या सुमारास दुधगाव येथे भाऊराव आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थी आश्रम चालविला, तो घरोघरच्या मूठमूठ धान्यावर. हिशेबासाठी असे धरू की, प्रत्येक घरची गृहिणी दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी रोज एक मूठ धान्य बाजूला काढते आणि त्या मुठीत पन्नास ग्रॅम मावतात. महिन्याला एका घरचे दीड किलो झाले, शंभर घरांचे दीडशे किलो. एका मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर शंभर घरांच्या मुठींतून दहा मुले महिनाभर जेवतात. घरात रोख रुपया नसे तेव्हाही धान्य असे. देण्याचा निर्णय घरधन्याच्या हाती नसून डब्यावर हात असलेल्या माउलीच्या हाती होता, आणि एकाच वेळी पोते देण्याने जो खड्डा पडतो तो मुठीने पडत नाही. ज्याच्यापाशी जे आहे ते, त्याला सोसेल अशा वेळी मागणे हे यातले मर्म आहे. पगारदाराकडे महिनाअखेरीस आणि शेतकऱ्याकडे सुगीपूर्वी जाणारे कार्यवाह आम्ही पाहिले आहेत. ते हात हलवीत परततात, आणि समाजात दानत उरली नाही असे म्हणतात.

एकरकमी देणगीपेक्षा ठरावीक काळ नेमाने येणाऱ्या रकमेची थोरवी पंडिता रमाबाईंनी ओळखली होती. त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या. बालविधवांच्या शिक्षणासाठी तेथे त्यांनी व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिला, आणि १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या संस्थेने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले, आणि गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर देण्याचे पत्करले. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, या त्याच शारदासदनाच्या विद्यार्थिनी. दहा वर्षे पैसा येणार हे ठाऊक असले म्हणजे शिक्षिका नेमता येते, जागा भाड्याने घेता येते, मुलींना प्रवेश देताना पुढील वर्षाची धास्ती राहत नाही. तथापि या चित्राची दुसरी बाजूही आहे. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहावी ही अपेक्षा होती. ती ढळल्याचा आक्षेप येऊन १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती येथील सल्लागार बाजूला झाले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दाता दूर असो वा जवळ, त्याच्याशी आणि ज्यांच्यासाठी कार्य चालते त्यांच्याशी काय ठरले आहे, याविषयी दोन्हीकडे एकच समजूत असावी लागते. पैसा असूनही संस्थेला हादरा बसू शकतो, तो असा.

मोठ्या दात्यांच्या अटींचा प्रश्न यातूनच उद्भवतो. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हेच ते. उलटपक्षी, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलल्यास मोठी देणगी देऊ असे एका दात्याने सुचविले असता भाऊरावांनी ती नाकारली, असे सांगतात. या दोघांत बरोबर कोण? आमच्या मते दोघेही. कर्व्यांच्या दृष्टीने नाव ही बाहेरची गोष्ट होती, स्त्रियांचे शिक्षण ही आतली. भाऊरावांच्या दृष्टीने ते नावच रयतेशी दिलेल्या शब्दाचा भाग होते. आपल्या संस्थेत कशाची अदलाबदल चालेल आणि कशाची चालणार नाही, हे दाता येण्यापूर्वी ठरवून ठेवावे. धनादेश समोर असताना तत्त्वाचा विचार नीट होत नाही.

मोठ्या देणगीचा आणखी एक धर्म असा की, ती इमारतीकडे धावते. भिंतीवर नाव कोरता येते, दिव्याच्या बिलावर कोरता येत नाही. शिपायाचा पगार, झाडूचा खर्च, गळक्या छपराची डागडुजी यांसाठी देणारा विरळा. काही सभागृहांत पंख्याच्या पात्यांवर दात्यांची नावे रंगविलेली आम्ही वाचली आहेत, पंखा बंद असल्यामुळेच ती वाचता आली! यावर उपाय म्हणून जुन्या संस्था कायम निधी ठेवीत, म्हणजे मुद्दल बँकेत आणि खर्च व्याजातून. शेकडा सहा दराने एक लाखाचे वर्षाला सहा हजार येतात. हे व्याज थोडे वाटते, आणि महागाईबरोबर त्याची किंमत घटतेही. पण ते न मागता येते. मोठी देणगी आली तर तिचा काही अंश या निधीत घालण्याची विनंती दात्यास आधीच करावी. बहुतेक दाते ती मान्य करतात, कारण कोणी पूर्वी तशी विनंती त्यांना केलेलीच नसते.

ठरावीक रक्कम आणि ठरावीक मुदत यांचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर १९२१ सालचा टिळक स्वराज्य फंड पाहावा. एक कोटी रुपये, ३० जून १९२१ पूर्वी, इतके स्पष्ट मागणे महात्मा गांधींनी देशापुढे ठेवले, आणि ते पुरे झाले. 'यथाशक्ती साहाय्य करावे' या वाक्याने एवढे घडले नसते. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झाले. त्यांच्या स्मारकासाठी पंचाहत्तर लाख रुपये जमविण्याचे ठरले, कारण त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला गांधीजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. आकड्यालाच अर्थ असल्यामुळे तो प्रत्येकाच्या ध्यानात राहिला, आणि रक्कम ठरल्याहून अधिक जमली. त्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी जो न्यास उभा राहिला त्याचे मुख्य ठाणे इंदूरजवळ कस्तुरबाग्राम येथे आहे. लहान संस्थेलाही हे साधते. 'ग्रंथालयास मदत करा' यापेक्षा 'दिवाळीपूर्वी अमुक कपाटे घ्यावयाची आहेत, एका कपाटास इतके रुपये पडतात, इतकी कपाटे झाली, इतकी उरली' हे सांगणे शतपटीने परिणामकारक होय.

मागावयास कोणी जावे याविषयीही एक शब्द लिहितो. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. शिक्षण मोठेपणी झालेले, इंग्रजीचा परिचय बेताचा. त्यांनी आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमविला, आणि १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उदरनिर्वाहासाठी त्यांना लोकांच्या घरी घरकाम करावे लागले. त्यांच्यापेक्षा विद्वान वक्ते पुण्यात पुष्कळ होते. पण ज्या दुःखासाठी आश्रम काढला ते त्यांनी स्वतः भोगलेले होते, म्हणून त्यांचे साधे बोलणे लोकांच्या मनास भिडले. समितीतील सर्वांत प्रतिष्ठित मनुष्य हा मागण्यास सर्वांत योग्य असतोच असे नाही.

येथवर पैसा येण्याचा विचार झाला. आम्ही खरे महत्त्व देतो ते तो आल्यानंतरच्या वागणुकीस. पहिली देणगी पुष्कळदा भिडेखातर मिळते, दुसरी केवळ हिशेबामुळे मिळते. अनुक्रमांक छापलेले पावतीपुस्तक असावे, स्थळप्रत जपून ठेवावी, आणि देणगीपेटी दोन माणसांनी मिळून उघडावी व रक्कम तेथेच मोजून लिहावी. दुसरा मनुष्य अविश्वास म्हणून नसतो. पहिल्यावर उद्या किटाळ येऊ नये म्हणून असतो. पैसा संस्थेच्या नावाच्या खात्यात जावा, कार्यवाहांच्या स्वतःच्या खात्यात एक दिवसही राहू नये. वर्षअखेर हिशेबतपासनीसाकडून तपासून तो छापावा. आणि आभाराचे पत्र आठवड्याच्या आत जावे. त्यात विशेषणांची खैरात नको, त्या पैशाचे काय झाले एवढे लिहावे. पैसा अद्याप खर्च झाला नसेल तर तसे लिहिण्यासही हरकत नाही. लोकांना विलंब खपतो, मौन खपत नाही.

आजच्या काळाने यात काही सोयी आणि काही खाचखळगे यांची भर घातली आहे. २०१६ साली यूपीआय आल्यापासून एक रुपयाही क्षणात पाठविता येतो, आणि पैसा फंडाला जी पोस्टकार्डाची अडचण पडली असती ती राहिलेली नाही. मात्र क्यूआर कोडाचा कागद दुसऱ्या कागदाने झाकता येतो, म्हणून पैसे धाडण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचेच नाव दिसते की नाही हे पाहण्यास देणाऱ्यास सांगावे. प्राप्तिकराची सवलत देण्याची मान्यता मिळालेल्या संस्थांसही २००० रुपयांहून अधिक रोख देणगी दिल्यास दात्याला ती सवलत मिळत नाही, आणि कर भरण्याची नवी पद्धत स्वीकारलेल्यास अशा देणगीची वजावट मिळत नाही. हे दात्यास आधीच सांगावे, नंतर वाद नको. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून घेताना विशेष जपावे. जो अद्याप भारताचा नागरिक आहे त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत धाडलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी विदेशी अंशदानाच्या २०१० सालच्या कायद्याखाली येते, आणि त्यासाठी संस्थेस केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. एकाच वर्गात बसलेल्या दोन मित्रांना कायदा निरनिराळे मानतो, आणि हे ठाऊक नसल्याने प्रामाणिक संस्था अडचणीत येतात.

शेवटी शाळेपुरते. निधी जमविताना वर्गावर्गांत चढाओढ लावणे आणि अधिक रक्कम आणणाऱ्यास पारितोषिक देणे आम्हांस मान्य नाही. त्या चढाओढीत श्रीमंत बापाचा मुलगा जिंकतो, आणि ज्याच्या घरी खरोखर चणचण आहे तो मान खाली घालून बसतो. कदाचित तो निधी त्याच्यासाठीच असतो! तसेच वह्या-पुस्तके घेणाऱ्या मुलास व्यासपीठावर बोलावून त्याचे छायाचित्र काढण्याची प्रथा सोडावी. दात्यास पुरावा हवा असेल तर दुकानदाराची पावती द्यावी, मुलाचा चेहरा देऊ नये. विद्यार्थ्यांना करण्याजोगी कामे निराळी आहेत. स्नेहसंमेलनाच्या तिकिटांचा हिशेब ठेवणे, जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून त्यांना पुठ्ठे घालणे, आणि माजी विद्यार्थ्यांना स्वहस्ते पत्रे लिहिणे. या पत्रांना जी उत्तरे येतात ती छापील विनंतीपत्रकांना येत नाहीत, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या शाळेच्या गरीब विद्यार्थी साहाय्यक निधीची वही ग्रंथालयात ठेवलेली असते. मधल्या सुट्टीत ती कोणीही मागून पाहावी. लाभ घेणाऱ्यांची नावे तीत नाहीत, ती मुख्याध्यापकांपाशी आहेत. परंतु परीक्षा शुल्क, वह्या आणि बसभाडे यांवर झालेला खर्च तारीखवार लिहिला आहे. यंदा जमेपेक्षा खर्च अधिक झाला असून फरक शिक्षकांनी तूर्त भरला आहे. नव्या वर्षाचे पावतीपुस्तक जूनच्या पहिल्या सोमवारी उघडेल.